दुभाष्या कोणाचा?



वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय असते, इतिहास असतो, एखादा दिवस आरोग्याला किंवा शेतीला दिलेला असतो. अशा ठिकाणी ‘यंत्रे बनविणाऱ्या कंपन्या आपल्या ड्रायव्हरचा सोर्स कोड झाकून का ठेवतात’ हा विषय पत्रिकेवर वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. संगणकवाल्यांचे घरगुती भांडण आमच्यापुढे कशाला, असेही कोणाच्या मनात आले असेल. मला हा विषय गिऱ्हाइकाचा वाटतो, आणि उमरोळीत तो बोलावा यालाही कारण आहे. आपले स्टेशन पालघर आणि बोईसर यांच्या मधले. एका अंगाला कोळगावची जिल्हा कचेरी, दुसऱ्या अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तिच्या पलीकडे समुद्रकाठी अणुवीज केंद्र. कचेरी घ्या, कारखाना घ्या, शाळा घ्या किंवा स्टेशनासमोरचे झेरॉक्सचे दुकान घ्या. प्रत्येक ठिकाणी कोणते ना कोणते यंत्र संगणकाला जोडलेले आहे. ते यंत्र आपण पैसे मोजून घेतलेले असते. तरीसुद्धा ते किती वर्षे चालवायचे हे पुष्कळदा आपल्या हातात नसते. ते का नसते, एवढेच आज पाहायचे आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. ड्रायव्हर म्हटले की आपल्याला एस.टी.चा ड्रायव्हर आठवतो. संगणकातला ड्रायव्हर कोणाला चालवीत बसत नाही. त्याचे काम दुभाष्याचे आहे. संगणकात एक कारभारी प्रोग्रॅम असतो. विंडोज, लिनक्स ही त्या कारभाऱ्यांची नावे. हा कारभारी म्हणतो, ‘एवढे पान छाप.’ परंतु समोरच्या प्रिंटरला ‘छाप’ हा शब्द कळत नाही. अमुक खणात अमुक आकडा टाकला की कागद ओढायचा, तमुक आकडा टाकला की शाई सोडायची, अशी त्याची स्वतःची सांकेतिक भाषा असते. दर कंपनीची भाषा निराळी. एकाच कंपनीच्या दोन यंत्रांचीही निराळी असू शकते. मग मध्ये दुभाष्या लागतो. तोच ड्रायव्हर. दुकानात नवा प्रिंटर घेतला की मुलगा विचारतो ना, ‘ड्रायव्हर टाकला का?’ त्याचा अर्थ इतकाच.

दुभाष्याचे महत्त्व आपल्या इतिहासाला ठाऊक आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाष्या होता. तो कंपनीच्या बाजूचा माणूस. त्याच्या इमानाबद्दल मला काही म्हणायचे नाही. मुद्दा सर्वसाधारण आहे. ज्या दरबारात दोन्ही भाषा जाणणारा एकच मनुष्य असतो आणि त्याला पगार पलीकडचा पक्ष देत असतो, त्या दरबाराने सावध असले पाहिजे. दुभाष्या उद्या आजारी पडला, किंवा मालकाने त्याला परत बोलावले, तर बोलणीच थांबतात. आपल्या टेबलावरच्या प्रिंटरची स्थिती हीच आहे. यंत्र आपले, वीज आपली, कागद आपला. दुभाष्या मात्र कंपनीचा नोकर.

आता हा दुभाष्या आपल्याला मिळतो कोणत्या रूपात? प्रोग्रॅम लिहिणारा माणूस तो माणसाला वाचता येईल अशा रीतीने लिहितो. त्या मूळ लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. नंतर ते लिखाण दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून काढले की यंत्राला समजणाऱ्या आकड्यांची रास तयार होते. कंपनी आपल्याला ही रास देते, लिखाण स्वतःजवळ ठेवते. वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला ज्यांनी खाल्ला असेल त्यांना हे लगेच पटेल. बाटली हातात असते, वास येतो, कालवणही झकास होते. परंतु त्या कुटलेल्या पुडीवरून कोणती मिरची किती, ती किती भाजली आणि कोणत्या क्रमाने, हे परत काढता येत नाही. जाणकार जिभेला थोडा अंदाज येतो, तेवढाच. आकड्यांच्या राशीतूनही चिकाटीची माणसे अर्थ काढतात. पण त्यात वर्षे जातात.

पूर्वी असे नव्हते, हे सांगितले पाहिजे. संगणक एका खोलीत मावत नव्हता त्या काळात किंमत लोखंडाची होती. प्रोग्रॅम यंत्राबरोबर येत असे, आणि पुष्कळदा त्याचे मूळ लिखाणही मिळे. जून १९६९ मध्ये आय.बी.एम. या बलाढ्य अमेरिकन कंपनीने जाहीर केले की यापुढे यंत्राची किंमत वेगळी आणि प्रोग्रॅमची वेगळी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या तारापूरची वीज रीतसर विक्रीला सुरू झाली. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, परंतु वर्ष लक्षात ठेवायला सोपे जाते. प्रोग्रॅम हा विकायचा माल झाला की तो झाकून ठेवण्याची बुद्धी होणारच.

या झाकण्याचा चटका ज्याला प्रथम ठळकपणे बसला त्याची हकीकत प्रसिद्ध आहे. रिचर्ड स्टॉलमन हा अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. तेथला प्रिंटर एका मजल्यावर आणि माणसे दुसऱ्या मजल्यावर. कागद अडकला तरी कोणाला कळत नसे. स्टॉलमनने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः दुरुस्ती केली होती; कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तशी सूचना उमटत असे. १९८०च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याचे मूळ लिखाण मिळाले नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या ज्या गृहस्थाकडे ते होते त्याने देण्यास नकार दिला, कारण कोणाला न देण्याचे वचन त्याने लिहून दिले होते. कागद अडकतच राहिला. १९८३ साली स्टॉलमनने खुल्या प्रोग्रॅमची जी चळवळ सुरू केली तिच्या मुळाशी एक अडकलेला कागद आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता कंपन्यांची बाजू ऐकू. ती ऐकल्यावाचून निकाल देणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि ती बाजू सगळीच खोटी आहे असेही नाही.

कोणीही विचारले की कंपनी पहिले उत्तर देते ते असे: ‘हे आमचे गुपित आहे. उघडे केले तर प्रतिस्पर्धी ते उचलतील.’ तारापूरच्या वसाहतीत रंग-रसायनांचे आणि औषधांचे कारखाने चालविणाऱ्यांना ही भाषा परिचयाची आहे. कोणता पदार्थ कोणत्या तापमानाला कशात घालायचा हे कोणीही गेटावर लिहून लावीत नाही. उद्योगाचे गुपित ही मान्य गोष्ट आहे. आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. करार आणि न्यायालयांचे निवाडे यांवर काम चालते. परंतु ड्रायव्हरच्या बाबतीत हे उत्तर जेवढे मोठ्याने दिले जाते तेवढे खोल नाही. ज्या प्रतिस्पर्ध्याजवळ पैसा आहे, प्रयोगशाळा आहे, शंभर इंजिनीयर आहेत, तो बाजारातून एक यंत्र विकत आणतो, उघडतो आणि हवे ते शोधून काढतो. कुलूप अडवते ते झेरॉक्सवाल्याला आणि शाळेच्या मास्तरांना. आणि शिवाय, दुभाष्याची वही म्हणजे काही यंत्राचा आराखडा नव्हे. चीप कशी कोरली, शाईचा थेंब कसा धरला, हे त्या वहीत बहुधा नसते.

दुसरे कारण कंपन्या हळू आवाजात सांगतात, आणि मला ते अधिक खरे वाटते. ड्रायव्हरचे सगळे लिखाण कंपनीचे स्वतःचे नसते. एक तुकडा या पुरवठादाराकडून भाड्याने घेतलेला, दुसरा त्या पुरवठादाराकडून. प्रत्येकाशी करार वेगळा. सामाईक विहिरीचे पाणी एकट्या भाऊबंदाने विकावे तसे ते होईल. कधी कधी तर कंपनीची इच्छा असूनही जमत नाही. दूरदर्शन संचाला जोडण्याची एच.डी.एम.आय. नावाची पद्धत आहे. तिच्या २.१ या आवृत्तीसाठी ए.एम.डी. या कंपनीच्या इंजिनीयरांनी लिनक्सकरिता खुला ड्रायव्हर लिहिला होता. ती पद्धत ज्यांच्या ताब्यात आहे त्या मंडळाने २०२४ साली तो प्रसिद्ध करण्यास परवानगी नाकारली. लिहिणारा तयार, वापरणारा तयार, अडवणारा तिसराच. सिनेमावाल्यांशी केलेले करारही असेच. चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून यंत्रात जी कुलपे घालावी लागतात, त्यांच्या किल्ल्यांचा मार्ग ड्रायव्हरजवळून जातो.

पेटंटाची भीती हे आणखी एक कारण. ऐकायला विचित्र वाटेल. पेटंट म्हणजे कायद्याचे संरक्षण, मग भीती कसली? भीती दुसऱ्याच्या पेटंटाची. पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या कार्डांच्या धंद्यात पेटंटे इतकी दाट आहेत की नकळत कोणाच्या ना कोणाच्या शेतात पाय पडतोच. मूळ लिखाण उघडे केले की समोरच्या वकिलाला पुरावा शोधायला रात्रीची गस्त घालावी लागत नाही. तो चहा पीत वाचू शकतो. या भीतीला मी अप्रामाणिक म्हणणार नाही. पण ती गिऱ्हाइकाच्या हिताची गोष्ट आहे असे कंपनीने आपल्याला सांगू नये.

यानंतरचे कारण कंपन्या सहसा सांगतच नाहीत. ते त्यांच्याच हातून एकदा उघडे पडले म्हणून आपल्याला समजले. फेब्रुवारी २०२१ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने आर.टी.एक्स. ३०६० हे कार्ड बाजारात आणले. त्या वेळी इथर नावाचे आभासी चलन कमावण्यासाठी लोक अशी कार्डे ढिगाने उचलीत होते आणि खेळाची हौस असणाऱ्यांना ती मिळत नव्हती. कंपनीने जाहीर केले की या कामापुरती आम्ही कार्डाची गती निम्म्याने कमी केली आहे. त्या कामासाठी वेगळी कार्डेही कंपनी काढणार होतीच. पुढच्याच महिन्यात तिच्याकडून चाचणीचा एक ड्रायव्हर चुकून बाहेर पडला, आणि तो टाकताच ती मर्यादा उठली. म्हणजे कार्डात बळ होते. पायात बेडी होती, आणि बेडीची निदान एक कडी ड्रायव्हरमध्ये होती. हा प्रकार नीट समजून घ्या. एकच माल कारखान्यातून निघतो, आणि कोणी किती वापरायचा, कोणी किती पैसे द्यायचे, याची वाटणी पुष्कळदा प्रोग्रॅममध्ये केली जाते. लिखाण उघडे झाले तर ती ओळ कोणीही खोडील. येथे झाकलेली वस्तू ज्ञान नव्हे. ती अडत आहे. बाजारसमितीत अडत निदान पावतीवर तरी लिहिलेली असते.

रेडिओचे नियम हाही एक आधार पुढे केला जातो. वायफायची यंत्रे ठरावीक लहरींवर ठरावीक जोरानेच बोलली पाहिजेत. लिखाण उघडे केले तर कोणीही जोर वाढवील आणि सरकार आम्हाला धरील, असे कंपन्या म्हणत. यात तथ्य नाही असे नाही. पण अथेरॉस कंपनीने २००८ साली आणि ब्रॉडकॉम कंपनीने २०१० साली आपल्या वायफायचे खुले ड्रायव्हर दिले, आणि म्हणून काही आकाश कोसळले नाही.

राहता राहिली लाज. हे कारण मी विनोदाने सांगत नाही. घाईघाईने, माल बाजारात लवकर पोहोचावा म्हणून लिहिलेले लिखाण चारचौघांत दाखविण्यासारखे नसते. यंत्रातच एखादा दोष राहिलेला असतो, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याने त्याला वळसा घातलेला असतो. लिखाण उघडे झाले की वळसा दिसतो, आणि वळसा दिसला की खड्डा दिसतो. ते साफसूफ करायला माणसे लावावी लागतात, वकिलांकडून तपासून घ्यावे लागते. आणि यंत्र तर विकून झालेले! त्या खर्चाचा कंपनीला लाभ काय? माझ्या समजुतीने बंद लिखाणामागे कपटापेक्षा हा हिशेबच पुष्कळ ठिकाणी असतो. कंपनीचा हिशेब माल विकला की मिटतो. आपला हिशेब माल घेतला की सुरू होतो.

या सगळ्या वादाची गाठ येथे आहे असे मला वाटते. यंत्राचे आयुष्य एक आणि यंत्र बनविणाऱ्याच्या आस्थेचे आयुष्य दुसरे. दोन्हींची लांबी सारखी नसते.

समजा, एखाद्या दुकानात बारा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला स्कॅनर आहे. काच स्वच्छ, दिवा लागतो, मोटर फिरते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारणपणे थांबविली. दुकानदार नवा संगणक घेतो. त्यावर विंडोज ११. ती चौसष्ट बिटांचीच असते, आणि बत्तीस बिटांसाठी केलेला जुना ड्रायव्हर तिच्यात चालत नाही. कंपनीच्या यादीत त्या स्कॅनरचे नाव आता नाही. झाले! यंत्र मेलेले नाही, दुभाष्या मेला आहे. पण पुरावे लागते यंत्राला. मूळ लिखाण कोणाजवळ असते तर एखाद्या जाणत्या मुलाने काही दिवस खपून ते नव्या कारभाऱ्याला जुळवून दिले असते. ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. लिनक्सवर ‘सेन’ नावाचा एक खुला उद्योग आहे. तेथे हौशी माणसांनी कित्येक जुन्या स्कॅनरांचे दुभाषे लिहून ठेवले आहेत, आणि कंपनीने टाकून दिलेली यंत्रे त्यांच्यामुळे चालतात.

स्कॅनर गेला तर चार-पाच हजारांचा प्रश्न. कारखान्यात प्रश्न मोठा होतो. औषध तपासण्याचे किंवा वजन-दाब मोजण्याचे यंत्र वीस वर्षेही टिकते. त्याला जोडलेल्या संगणकावर बसविलेले कार्ड विंडोज एक्सपीच्या काळातले असते, आणि त्याचा ड्रायव्हर तेवढ्यासाठीच केलेला असतो. एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये संपली. तरी असे संगणक जगभरच्या कारखान्यांत आजही चालू आहेत. ते बदलले तर लाखो रुपयांचे यंत्र मुके होते, आणि न बदलले तर चोराला दार उघडे राहते. मालक दुसरा पर्याय पत्करतो, कारण पहिल्याचा खर्च आज दिसतो आणि दुसऱ्याचा दिसत नाही. ज्या वसाहतीत रसायनांच्या टाक्या आहेत, त्या वसाहतीत ही गोष्ट हिशेबनिसावर सोडण्यासारखी नाही.

कंपनी निघून जाते तेव्हा काय होते हे आपण देश म्हणून पाहिलेले आहे. परकी चलनाच्या कायद्याखाली भागीदारी सोडण्याचा प्रश्न आला तेव्हा आय.बी.एम. १९७८ साली भारत सोडून गेली. यंत्रे येथेच राहिली. त्यांची देखभाल सी.एम.सी. या सरकारी कंपनीने हाती घेतली आणि ती चालविली. चालविता आली, कारण त्या यंत्रांवर काम केलेली, ती आतून ओळखणारी माणसे देशात होती. तारापूरचे उदाहरण तर आपल्या दारातले. अमेरिकेशी करार ८ ऑगस्ट १९६३ चा, तीस वर्षांचा. इंधनही त्यांनीच द्यायचे. १९७४ साली पोखरणचा स्फोट झाला, १९७८ साली अमेरिकेने स्वतःचा नवा कायदा केला, आणि करारात लिहिलेले इंधन अडू लागले. १९८२ साली फ्रान्सशी ठरले तेव्हा मार्ग निघाला. मला येथे राजकारणात शिरायचे नाही. अणुभट्टी आणि प्रिंटर यांची तुलनाही मी करीत नाही. इंधन म्हणजे ड्रायव्हर नव्हे. पण वस्तू आपल्या अंगणात असणे आणि वस्तू आपल्या ताब्यात असणे यांतला फरक या भागातल्या माणसाला परगावच्या वक्त्याने समजावून सांगावा अशी गरज नाही. त्याच तारापुरात तिसरी आणि चौथी भट्टी, प्रत्येकी ५४० मेगावॉटची, आपल्या आराखड्यावर उभी राहिली आणि २००५-०६ मध्ये सुरू झाली.

तर मग मागायचे काय? ‘सगळे उघडे करा’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण माझी मागणी त्याहून लहान आहे, आणि ती मी पुस्तकातून घेतलेली नाही, बोईसरच्या रस्त्यावरून घेतली आहे.

रसायनाचे पिंप पाहा. आतला माल कसा बनविला हे कारखानदार सांगत नाही, आणि आपण विचारीतही नाही. परंतु पिंपावर चिठ्ठी असते: आत काय आहे, कोणी बनविले, अंगावर सांडले तर काय होते. १९८४ साली भोपाळ घडले. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात ४१-ब हे कलम आले. धोक्याची प्रक्रिया चालविणाऱ्याने त्या धोक्याची माहिती कामगारांना, सरकारी निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला, एवढेच नव्हे तर आसपास राहणाऱ्या जनतेलाही दिली पाहिजे, असे त्या कलमाने सांगितले. १९८९च्या नियमांनी पिंपावरची चिठ्ठी आणि सुरक्षिततेचा माहिती-तक्ता आवश्यक केला. नुसखा गुप्त राहिला, कारखाने बंद पडले नाहीत, आणि चिठ्ठी मात्र उघडी झाली. गुपित आणि माहिती यांच्यामध्ये रेघ ओढता येते, हे आपल्या कायद्याने एका अवघड क्षेत्रात मान्य केले आहे.

यंत्राची चिठ्ठी म्हणजे काय? ते कोणती भाषा बोलते त्याची यादी. अमुक खणात अमुक आकडा टाकला तर अमुक घडते, एवढे कागदावर द्या. तुमच्या दुभाष्याची वही तुमच्याजवळ ठेवा. भाषा सांगा, दुभाष्या आम्ही घडवू. हे होऊ शकते. २००७ सालापासून ए.एम.डी.ने आपल्या चित्र-कार्डांचे असे कागद प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि त्यांवरून बाहेरच्या माणसांनी खुले ड्रायव्हर लिहिले. एन्व्हिडियाने पुष्कळ वर्षे काही दिले नाही. लिनक्सचा कर्ता लिनस टॉर्वाल्ड्स याने २०१२ साली फिनलंडमधल्या एका भर सभेत त्या कंपनीविषयी जे शब्द वापरले ते या सभेत उच्चारण्यासारखे नाहीत. अखेर मे २०२२ मध्ये तिनेही ड्रायव्हरचा एक भाग खुला केला. टाळ्या वाजविण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पाहिली पाहिजे. नव्या कार्डांवर स्वतःचाच एक छोटा प्रोसेसर असतो. पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले पुष्कळसे काम आता त्याच्या पोटात गेले आहे, आणि ते पोट बंदच आहे. दुभाष्याची वही उघडली, पण अवघड वाक्ये आधीच काढून आतल्या खोलीत ठेवली. म्हणून नुसते ‘आमचा ड्रायव्हर खुला आहे’ हे वाक्य ऐकून समाधान मानू नये.

उलट, चिठ्ठीचीही गरज उरत नाही असे एक उदाहरण तुमच्या खिशात आहे. पेनड्राइव्ह. कोणत्याही कंपनीचा घ्या, कोणत्याही संगणकाला लावा, कोणी ड्रायव्हर विचारीत नाही. कारण सगळ्या कंपन्यांनी मिळून एक सामाईक भाषा ठरविली. माऊस आणि कीबोर्ड यांचेही तसेच. त्यामुळे पेनड्राइव्हवाल्यांचा धंदा बुडाला काय? नवे प्रिंटरही हळूहळू अशा सामाईक भाषेकडे येत आहेत; मोबाईलवरून सरळ छापता येते ते त्यामुळेच. याचा अर्थ, गुपिताशिवाय धंदा नाही हे म्हणणे सर्वत्र खरे नाही. जेथे गिऱ्हाईक एकमुखाने अडून बसते तेथे कंपन्यांना एक भाषा सुचते.

खुलेपणाने सगळे रोग बरे होतात असे मी म्हणत नाही. २०१० साली स्टक्सनेट नावाचा विषाणू सापडला. कारखान्यांतली यंत्रे चालविणाऱ्या संगणकांवर तो सोडलेला होता. त्याच्या ड्रायव्हरांवर रियलटेक आणि जेमायक्रॉन या दोन खऱ्या कंपन्यांच्या सह्या होत्या, चोरलेल्या सह्या. विंडोजने सही पाहिली आणि आत घेतले. लिखाण खुले असते म्हणून ती चोरी टळली असती असे नाही. एवढेच दिसते की झाकणावर ओळखीचे नाव आहे म्हणून आतला माल त्याचाच आहे असे धरून चालत नाही.

आपला कायदा या बाबतीत निराधार सोडीत नाही, हे फार थोड्यांना माहीत आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये पुढे जी भर पडली तिच्यानुसार, ज्याच्या ताब्यात प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या आहे त्याला, स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळविण्यास आवश्यक तेवढी माहिती काढून घेण्याची मुभा आहे. मात्र ती माहिती अन्यथा सहज मिळत नसली पाहिजे. म्हणजे पुडीवरून मसाला ओळखण्याचा प्रयत्न करणारा मुलगा चोर नाही. आपल्या आय.टी.आय.मधल्या आणि इंजिनीयरिंगच्या मुलांनी हे कलम मुद्दाम वाचावे.

पण मुलांच्या चिकाटीवर सगळे सोपवून मोकळे होणे बरे नाही. खरी जागा खरेदीची आहे. एकटा गिऱ्हाईक कंपनीला काही सांगू शकत नाही. जिल्ह्याच्या शाळा, कचेऱ्या, बँका, कारखाने हे एकटे गिऱ्हाईक नव्हेत. खुल्या प्रोग्रॅमला प्राधान्य देण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१५ सालचे आहे. ते धोरण आणि निविदेतली प्रिंटरची ओळ यांत मात्र बरेच अंतर पडते. त्या ओळीत वेग लिहिलेला असतो, पाने लिहिलेली असतात, हमीची वर्षे असतात. तेथे आणखी तीन वाक्ये लिहायला शाई फार लागणार नाही. हे यंत्र कंपनीच्या खास ड्रायव्हरावाचून सामाईक भाषेत चालते काय? चालत नसेल तर त्याच्या भाषेचा कागद मिळेल काय? आणि तोही मिळत नसेल तर कंपनी ड्रायव्हर किती वर्षे नवा करीत राहील, हे ती लिहून देईल काय? कारखान्याच्या खरेदीत तर चौथे वाक्यही घालता येते: कंपनीने माल बंद केला किंवा कंपनीच बंद पडली, तर मूळ लिखाण तिसऱ्या विश्वासू पक्षाकडे ठेवलेले असावे आणि ते आम्हाला मिळावे. मोठ्या करारांत अशी अट घालण्याची रीत आहे. लहान कारखानदार ती मागत नाही, कारण ती मागता येते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पुष्कळ ठिकाणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच येईल, आणि मग बाकीचे विचारण्याची पाळी येणार नाही. जेथे विक्रेता गोंधळेल आणि ‘साहेब, असे कोणी विचारीत नाही’ म्हणेल, तेथे ते त्याच्याकडून लेखी घ्यावे.

डहाणूकडे जाणारी गाडी ज्यांना गाठायची आहे त्यांची चुळबुळ मला दिसते आहे. प्रश्न विचारायचे असतील त्यांनी येथेच थांबावे. मी थांबलो आहे.